करंगळी न लागणारी कॉर्ड

आण्णा, अख्ख्या कोल्हापुरात नाईन्थ कॉर्ड माझ्याएवढी झ्याक धरणारा दुसरा गडी न्हाय. धरतो झ्याक, वाजत तेवढी न्हाय.

तुमाला जाऊन अकरा दिवस झाले. सकाळपास्नं तुमची ती जुनी गिटार मांडीवर घेऊन बसलोय. मधलं बोट पाचव्या तारेवर तिसऱ्या फ्रेटला, पहिलं बोट चौथ्या तारेवर दुसऱ्या फ्रेटला, आणि करंगळीशेजारचं बोट बारीक तीन तारांवर आडवं निजवलेलं. तुमी सांगितलं तसंच. हात असा दिसतोय की फोटू काढून दुकानात लावावा. आणि वाजवली की चार तारा गोड बोलत्यात, शेवटची बारीक तार 'ठक्क' करती. पत्र्याच्या डब्याला खडा लागल्यावानी.

कोण गेलं की कागदावर आधी जन्म लिवायचा असतोय म्हणं. तुमचा जन्म कवाचा ते मला ठाऊक न्हाय. माझाच ठाऊक न्हाय, मास्तरनं अंदाजानं लिवलाय. शाळा माझी चौथीपतूर. पाचवीच्या पहिल्याच महिन्यात मास्तर म्हणाला, "सर्जेराव, तू वर्गात असलास की बाकीची पोरं शिकत न्हाईत." मग बाकीच्यांच्या शिक्षणासाठी मी शाळा सोडली. एवढंच समाजकार्य झालं माझ्या हातनं.

पुढं आपल्या ऑर्केस्ट्रा पार्टीत तुमी गिटारला आणि मी टेम्पोला. टेम्पो चालवायचा, स्पीकरच्या पेट्या उतरायच्या, आणि गाणारा पाणी प्यायला गेला की माईक धरून दोन नकला करायच्या. कलाकार म्हणून माझं नाव कुठल्या बोर्डावर कवा आलं न्हाय. टेम्पोवर हुतं, ते बी मागं, 'हॉर्न द्या'च्या खाली.

तुमच्या डाव्या हाताची करंगळी तरुणपणीच गेलती. पत्रा दाबायच्या मशिनीत. मागं एक पेर उरलं तेवढंच. गिटारीला तारा दाबायचं काम डाव्या हाताचं. दुसरा कोण असता तर त्यानं गिटार खुंटीला अडकवली असती. तुमी तीन बोटांत बसतील अशा कॉर्ड हुडकत बसला, आणि त्यात तुमाला नाईन्थ गावली. सूर पाच, बोटं तीन. करंगळीला त्यात कामच न्हाय. मग काय, जिथं बाकीचे साधी कॉर्ड लावत्यात तिथं बी तुमी नाईन्थच घालायचा. कीबोर्डवाला वरडायचा, "आण्णा, भजनात तरी नगो!"

"देवाला चालती," तुमी म्हणायचा. "तुला काय हुतंय?"

हे सगळं मी हसत सांगतोय, पण पोटात काय हाय ते तुमाला ठाऊक हाय. न्हाईतर ठाऊक न्हाय. त्येच तर मला कळंना झालंय, आण्णा. म्हणून तर बसलोय.

पेठ वडगावचा तो दुपारचा कार्यक्रम. कुठल्या तरी मास्तरांची निवृत्ती हुती. मधीच लाईट गेली, जनरेटर चालू हुईना. पार्टीचा मालक माझ्याकडं बघून म्हणाला, "जा, दहा मिनिटं काढ." मी गेलो. डॉक्टरची नक्कल केली, पुढाऱ्याची केली. समोर दोनशे मास्तर. पेपर तपासायला बसल्यावानी बघालेत. हसायला कोण तयार न्हाय. मग माझ्या डोस्क्यात काय आलं कुणास ठाऊक, मी माईकचा दांडा गिटारीसारखा धरला, डोळं मिटलं, तुमच्यावानी ओठ आत ओढला आणि डाव्या हाताची करंगळी मुडपून घेतली. तुमी गडहिंग्लजकडचे, ताल धरायचा तर कानडीत मोजायचा. मी बी मोजायला लागलो, "वंद, येरड, मूर, नाक…" आणि करंगळी गावंना म्हणून हुडकायला लागलो. खिशात बघितली. खुर्चीखाली बघितली. निवृत्त मास्तरांच्या गळ्यातला हार उचलून त्याच्या आत बघितली.

हॉल फुटला, आण्णा. एक मास्तर तर डोळं पुसत हुता. मला आजपतूर कवा एवढा हशा मिळाला न्हवता.

तुमी बी हसला. मी बघितलं. तोंड हसत हुतं.

त्यानंतरच्या कार्यक्रमापास्नं तुमी खुर्ची तिरकी लावायला लागला. डावा हात पडद्याकडं, पाठ जरा लोकांकडं. कुणाच्या ध्यानात आलं न्हाय. माझ्या आलं, कारण खुर्च्या मीच मांडायचो. मी सरळ मांडून जायचो, तुमी तिरकी करायचा.

वडगावहून येतानाच बोलायला पायजे हुतं. तुमी माझ्या शेजारच्या सीटवर बसलेला. मी तोंड उघडलं. आत शब्द तयार हुता, आण्णा, खरंच हुता. आणि बाहेर काय पडलं? "काय आण्णा! आज तुमच्या करंगळीनं शो वाचवला!"

तुमी खिडकीतनं ऊस बघत बसला. कोल्हापूर येईपतूर ऊस संपला न्हाय.

माझं हे असंच. पोलिसानं अडवलं, हसवून सुटलो. सासऱ्यानं धरलं, हसवून सुटलो. त्यामुळं माफी मागायची सवयच लागली न्हाय जिभेला. मग मी काय केलं, आठ दिवस इचार करून तुमच्याकडं आलो आणि म्हणालो, "आण्णा, मला ती तुमची नाईन्थ शिकवा."

"कशाला? नकलेला?"

"न्हाय, आण्णा. शिकायला."

तुमी माझी बोटं बघितली. मग म्हणाला, "आयतवारी ये. नखं काढून ये."

तुमच्या पुढच्या सोप्यातली ती आयतवारची दुपार. जेवण झालेलं असायचं, वैनी आत भांडी आवरायच्या, आणि तुमी मला समोर पाटावर बसवायचा. पहिल्या दिवशी मी विचारलं, "आधी साध्या कॉर्ड शिकायला नगोत व्हय?" तुमी म्हणाला, "त्या तुला कोण बी शिकवंल. तू नाईन्थ मागितलीस न्हवं?" म्हंजे मी सायकल यायच्या आधी विमानात बसलो.

साध्या कॉर्डमधी तीन सूर, सेवन्थमधी चार, नाईन्थमधी पाच. मला आकडं सांगून कळत न्हाय म्हणून तुमी घर सांगितलं. "सा, ग, प ही घरची माणसं. जेवून खाऊन सुखी. त्यात कोमल नी आला की घरात कुरबुर सुरू. आता ह्या कुरबुरीत वरचा रे आला, म्हंजे दारात पावणं आलं. पावण्याम्होरं भांडता येतंय व्हय? कुरबुर तशीच ऱ्हाती, खरं सगळी हसून बोलायला लागत्यात. ही नाईन्थ."

आतनं वैनी म्हणाल्या, "आणि पावण्याचा चा कोण करायचा?"

तुमी कसं हसला तवा! त्या दिवशी पहिल्यांदा मला 'तम्मा' म्हणाला. तुमच्या कानडीत तम्मा म्हंजे धाकटा भाऊ, हे मला वैनींनी सांगितलं. तुमाला विचारायचं धाडस न्हवतं. विचारलं असतं तर तुमी परत 'सर्ज्या' म्हणायला लागला असता.

आडवं बोट माझं निजायचंच न्हाय. स्टेअरिंग धरून धरून बोटं ही अशी, पेरूच्या फांदीवानी. तीन तारांवर बोट निजवायचं म्हंजे ते पुढच्या पेरात उलटं वाकाय लागतंय. माझं सरळ बी नीट हुत न्हाय. मी रडकुंडीला आलो की तुमी गप पुढं सरकायचा आणि त्या उरलेल्या पेरानं माझं बोट वरनं दाबून धरायचा. घट्टा पडलेलं पेर, गरम. "आता वाजव." वाजवलं की पाची तारा बोलायच्या. तुमी पेर काढलं की ठक्क.

म्हंजे आण्णा, ज्या पेराला मी दोनशे लोकांम्होरं खुर्चीखाली हुडकलं, ते पेर दर आयतवारी माझ्या बोटावर हुतं. तवा तरी तोंडातनं शब्द निघाय पायजे हुता. मी काय म्हणालो? म्हणालो, "आण्णा, तुमी दाबा, मी वाजवतो, दोघं मिळून एक गिटारवाला हुईल."

चंदगडची हळद आठवती? पाऊस धबाधबा, मांडव गळतोय, कार्यक्रम कवा सुरू हुईल सांगता येईना. आपुन दोघं टेम्पोत. तुमाला डुलकी लागलेली. मी स्टेअरिंगवरच नाईन्थ धरून बसलेलो, बोट आडवं करून. शेजारी एसटी येऊन उभी ऱ्हायली. ड्रायव्हर मान बाहेर काढून म्हणाला, "पावणं, स्टेअरिंगला खाज आलीया व्हय?"

डोळं न उघडता तुमी म्हणाला, "न्हाय हो. तो हुशार हाय, फक्त त्याला ठाऊक न्हाय."

मला आयुष्यात हुशार म्हणणारं माणूस एकच, आणि ते बी झोपेत. तरी मी ते जपून ठेवलंय.

आता त्या आयतवारचं. तुमच्याशी भांडण तिथंच अडकलंय. त्ये मिटवायला आता तुमी न्हाईसा आणि मला एकट्याला जमत न्हाय.

मी आठवडाभर घरात तालीम केलती. बायको म्हणाली, "एकतर ही वाजंल, न्हाईतर मी माहेरी जाईन." आलो. बसलो. बोटं लावली. आणि आण्णा, वाजली. पाचच्या पाच तारा, सोच्छ. दारात पावणं आल्यावानी. आयुष्यात पहिल्यांदा, आणि आजपतूर शेवटची. मी मान वर करून बघितलं, तुमच्या तोंडावर काय दिसतंय म्हणून.

तुमी ऐकत न्हवता. तुमी माझ्या करंगळीकडं बघत हुता.

करंगळी माझी मुडपून आत गेलेली, तळहाताला चिकटलेली. वर एक पेर दिसत हुतं, तेवढंच.

"सर्ज्या," तुमी म्हणाला. तम्मा न्हाय. "माझ्या घरात बसून बी त्येच?"

"काय त्येच, आण्णा?"

"करंगळी उघड."

उघडायला गेलो. अर्धी उघडली आणि परत आत गेली. इतक्या महिन्यांची सवय तिला. पण तुमाला ते कसं दिसलं असणार! वडगावपेक्षा झ्याक नक्कल.

"आण्णा, आईशप्पत. मला वाटलं ही कॉर्ड अशीच धरत्यात. तुमचा हात बघून बघून शिकलो की."

"माझी तुटलीया, हे दिसत न्हाय व्हय तुला?"

ह्याचं उत्तर मला तवा आलं न्हाय. आता येतंय, काय करू? दिसत हुतं, आण्णा. टेम्पोत दिसत हुतं, स्टेजवर दिसत हुतं. पण शिकायला बसलो की दिसायचं न्हाय. तवा तुमचा हात मला पुराच दिसायचा. मला वाटायचं, हात म्हंजे हाच, बाकीच्यांनी करंगळी उगं लांब वाढवलीया. हे बोलायला पायजे हुतं. आणि त्याऐवजी मला हसू आलं. भ्यालो की हसू येतंय मला, ल्हानपणापास्नं. मास्तरच्या छडीम्होरं बी यायचं, त्यामुळं दोन ज्यादा मिळायच्या.

तुमी उठला. तुमची गिटार घेऊन आत गेला. म्हणाला, "साकु." पुरे.

तालमीसाठी तुमी दिलेली जुनी गिटार माझ्याकडंच ऱ्हायली. तुमी परत मागितली न्हाय. मागितली असती तर निदान भांडायला तरी मिळालं असतं. त्यानंतर तुमी मला सर्ज्या बी म्हणाला न्हाई. "सर्जेराव, टेम्पो कितीला निघणार?" "सर्जेराव, जरा पेटी बघता का?" बघता का! अहो आण्णा, मला जन्मात कुणी 'अहो-जाहो' केलं न्हवतं. पार्टीतली पोरं म्हणाली, "सर्जेराव, तुझा मान वाढला की भावा!" मी बी हसलो. वाटायचं, शिव्या घाला, खेटार काढा, पण हे 'बघता का' बंद करा.

तीन महिनं असं. मी रोज म्हणायचो, आज बोलतो. आज त्यांचा मूड न्हाय, उद्या बोलतो. उद्या कार्यक्रम हाय, परवा बोलतो. आणि त्या परवाच्या सकाळी कीबोर्डवाल्याचा फोन आला. छातीत कळ आली म्हणं, दवाखान्यात न्यायच्या आधीच तुमी गेला.

तुमच्या लिंगायतांत माणसाला झोपवून नेत न्हाईत, बसवून नेत्यात. त्यासाठी गाडी माझीच घेतली. केळीचं खुंट, झेंडूच्या माळा, आणि मधी खुर्चीवर तुमी, कपाळाला विभूती. जिथं पेट्या लावायचो तिथं तुमाला बसवलं. तुमी कायम माझ्या शेजारी बसायचा आणि म्हणायचा, ब्रेक हळू मार. त्या दिवशी पहिल्या वळणाला माझ्या तोंडातनं आपोआप गेलं, "आण्णा, हळूच मारतो हां." शेजारी तुमचा पुतण्या बसलेला. त्यानं माझ्याकडं बघितलं आणि तोंड फिरवलं. त्याला वाटलं, हा आज बी जोक करालाय.

मग खड्ड्यात बसवायच्या आधी स्वामींनी तुमच्या डाव्या तळहातावर लिंग ठेवलं. तुमचं, गळ्यातलं, जन्मापास्नंचं. तळहात उघडा, आभाळाकडं, सगळ्या लोकांम्होरं. पहिलं बोट, मधलं बोट, शेजारचं बोट, आणि ते पेर. मी पुढं सरकलो. मला त्या पेराला एकदा बोट लावायचं हुतं, आण्णा, दुसरं काय न्हाय. कुणीतरी मागनं म्हणालं, "ए, गाडीवाले, बाजूला व्हा जरा, घरच्यांना बघू द्या." झालो बाजूला. गाडीवालाच की मी.

तवापास्नं माझी करंगळी अजिबात उघडंना झालीया. चा पिताना आत, हात जोडताना आत, गिअर टाकताना आत. बायको म्हणती डॉक्टरला दाखव. काय दाखवू? तुमी शिकवलेलं एवढंच मला पक्कं आलंय, आणि ते तुमी शिकवलंच न्हवतं.

एक मातर खरं. मला चार इयत्तांत कुणी जे शिकवलं न्हाय ते तुमी पाटावर बसवून शिकवलं. एका माणसाचा हात इतका बघायचा, इतका बघायचा, की त्यातलं न्हाई ते बी शिकून व्हावं. माझ्यासारख्या टवाळाला तुमी इतकं बघू दिलं. वडगाव झाल्यावर बी दिलं. 'नखं काढून ये' म्हणाला, 'तोंड काळं कर' न्हाय म्हणाला. मी असतो तर मला दारात उभा केला नसता.

काल तुमच्या घरी गेलतो. वैनी सोप्यात तांदूळ निवडत हुत्या. मी उंबऱ्यातच थांबलो.

"ये की आत. मीटर बघायला आलाईस व्हय, दारात उभा ऱ्हायला?"

बसलो. पाटावर न्हाय बसलो, खाली बसलो. वैनींनी एक खडा काढला, दुसरा काढला.

"वैनी," मी म्हणालो, "आण्णा माझ्याबद्दल काय बोललं हुतं का? शेवटी शेवटी?"

"कशाबद्दल?"

मग मी सगळं सांगितलं. वडगाव सांगितलं, हार उचलून बघितलेलं बी सांगितलं. टेम्पोतलं सांगितलं, खुर्ची सांगितली. करंगळी सांगितली, हसू आलेलं सांगितलं. एक जोक केला न्हाय, आण्णा, मधी एक बी न्हाय. माझं नाक वाहत हुतं आणि मी शर्टाच्या बाहीनं पुसत हुतो. वैनींचा हात ताटात थांबलेला.

"मला काय बोलले न्हाईत," त्या म्हणाल्या. "भूक लागली तरी बोलायचे न्हाईत ते. ताटाकडं बघत बसायचे. चाळीस वर्षं मी अंदाजानं वाढलं त्यांना."

"मग त्यांना कळलं का न्हाय, हे कसं कळायचं मला?"

"न्हाय कळायचं."

"वैनी, मी गिटार शिकायला येत न्हवतो हो. मी माफी मागायला येत हुतो. म्हणून तर नाईन्थ शिकत हुतो."

वैनींनी पदरानं डोळं पुसलं. मला वाटलं, आता पाठीवर हात ठेवतील. त्यांनी ताट पुढं ओढलं, तांदळात बोटं घातली आणि खाली बघतच म्हणाल्या,

"माफी मागायला गिटार कशाला लागती रं, सर्ज्या? तोंड हुतं की तुला."